रस्सीची शेवटची जागा

त्या वर्षी गवत लवकर वाळलं. आधी ओढ्याकाठचं संपलं, मग बांधावरचं, आणि शेवटी वैरणीसाठी टेकडीपलीकडच्या उतारावर जायची वेळ आली. तिथवर गाडी जात नव्हती. जायचं रिकाम्या हातानं आणि यायचं पाठीवर भारा घेऊन, तेही उतरणीला, पायाखालचे खडे सरकत असताना. गोठा जनावरांनी भरलेला आणि भारे वाहणाऱ्या बायका दोनच, घरची थोरली सून आणि धाकटी सून. सासूचे गुडघे गेलेले होते. थोरला मुलगा दुधाचा टँकर चालवायचा, तो अधूनमधून पाहुण्यासारखा घरी यायचा. धाकटा धारा काढायचा, शेण ओढायचा, दूध केंद्रावर पोचवायचा आणि तेवढ्यातच त्याचा दिवस संपायचा.

थोरली अंगानं दणकट, बोलायला कमी. मूलबाळ नव्हतं. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. घरात तिच्याशी बोलणं म्हणजे 'पाणी तापलं का' आणि 'कालवडीकडं बघ', एवढंच. पण गावात तिला आणखी एक नाव होतं. दूध केंद्रावर येणाऱ्या बायकांचा रस्सीखेचीचा संघ होता आणि त्यात रस्सीच्या शेवटच्या टोकाला ती उभी राहायची. रस्सी काखेखालून पाठीवर घ्यायची, दुसऱ्या खांद्यावरून पुढं सोडायची, टाचा मातीत रोवायच्या आणि मागं रेलायचं. ती एकदा रेलली की पुढच्या बायकांना पाठीशी भिंत असल्यासारखं वाटायचं. म्हणून सगळ्या तिला खुंटा म्हणायच्या. "खुंटा आला का?" "आधी खुंट्याला पाणी द्या." घरी थोरली, मैदानावर खुंटा. तिला हे दुसरं नाव जास्त आवडायचं, पण तसं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुखणं सुरू झालं ते भाऱ्याखाली. उतरताना एका मोठ्या दगडावरून पाय खाली टाकला आणि उजव्या जांघेत, अगदी आत, कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं झालं. ती थांबली. भारा तसाच पाठीवर. धाकटी मागून येत होती, ती म्हणाली, "काय झालं ताई?"

"काही नाही. खडा आला पायाखाली."

दुसऱ्या दिवशी तिथंच, त्याच जागी. तिसऱ्या दिवशी गोठ्यात उकिडवी बसली तर उठता येईना. गाईच्या पाठीला धरून उठली. गाय बिचारी हलली नाही. मग हळूहळू तिला कळलं की कुठं दुखेल आणि कुठं नाही. सपाटीला चालताना नाही. उतरताना हटकून. बसताना दुखतं, उठताना त्याहून जास्त. रात्री उजव्या कुशीवर वळता येत नाही. हे सगळं तिनं मनाशी ठेवलं. वैरणीचा हंगाम होता आणि त्यात कुणाचं काय दुखतंय हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

संघाला शिकवायचा तो दूध केंद्रावरचा मापारी. बारीक चणीचा माणूस, दूध मोजता मोजता म्हातारा होत आलेला. संध्याकाळचं दूध घेऊन झालं की तो केंद्रामागच्या मैदानात येऊन रस्सी टाकायचा. सामने जवळ आले होते. खोऱ्यातल्या गावांचे संघ उन्हाळ्याच्या तोंडाला एकत्र यायचे आणि मागची दोन वर्षं हा संघ शेवटच्या फेरीत हरला होता. त्या संध्याकाळी मापाऱ्यानं समोरच्या बाजूला तरणे गडी उभे केले. थोरलीनं रस्सी पाठीवर घेतली, टाचा रोवल्या, रेलली. जांघेत काहीतरी कट्कन झालं. तिचा आवाजही निघाला नाही. पण ती खाली बसली आणि तिच्या पुढच्या सगळ्या बायका एकीवर एक येऊन पडल्या.

हशा पिकला. अंग झटकत बायका उठल्या. थोरली उठली नाही.

"खुंटा उपटला गं," कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसणं. मग मापारी जवळ आला, वाकून तिच्या तोंडाकडं बघितलं आणि बायकांना म्हणाला, "गप्प बसा. हिला घरी न्या."

नवरा टँकर घेऊन आला तेव्हा तिला शहरातल्या इस्पितळाच्या दारात उतरवून पुढं गेला. दूध नासलं तर कोण भरून देणार, असं म्हणाला. परत येताना घेऊन जातो म्हणाला. ती दिवसभर बाकावर बसून राहिली. डॉक्टरांनी विचारलं, "नक्की कुठं दुखतं?" तिनं पंजा कमरेच्या बाजूला धरला, अंगठा मागं, बोटं पुढं जांघेत रुतवलेली. डॉक्टर म्हणाले, "खुबा. या दुखण्याची माणसं असाच हात धरून दाखवतात." मग एक्स-रे झाला, मोठ्या नळीसारख्या यंत्रात घालून फोटो काढले. डॉक्टरांनी आपलीच मूठ दुसऱ्या तळहातात फिरवून दाखवली. मांडीच्या हाडाचा गोळा हा असा वाटीत फिरतो. तुमच्या गोळ्याला एका बाजूला उंचवटा आहे, जन्मापासूनचा. तो वाटीच्या काठाला घासून घासून काठाची गादी फाटली आहे. खोल वाकून ओझं उचलायचं नाही, ओझं घेऊन उतरायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. आधी व्यायाम करू. नाहीच भागलं तर शस्त्रक्रिया.

"रस्सी?" तिनं विचारलं.

"कसली रस्सी?"

तिनं सांगितलं. डॉक्टर थोडं हसले, वाईट हसू नव्हतं. म्हणाले, "ते शेजारच्या खोलीत बाई आहेत त्यांना विचारा. व्यायाम त्या शिकवतात."

व्यायामवाल्या बाईंनी तिला खाटेवर झोपवलं, पाय वाकवून बघितला, फिरवून बघितला आणि पायाला अडकवायची रबराची पट्टी दिली. "घाई करणार नसाल तर ओढाल पुन्हा," त्या म्हणाल्या. "पण वर्ष जाईल." परतीच्या वाटेवर टँकरमध्ये नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "ओझं उचलायचं नाही." त्यानं गाडीचा गिअर बदलला. मग म्हणाला, "आईला तूच सांग."

तिनं सांगितलं. सासू भिंतीला टेकून बसली होती. ऐकून घेतलं आणि धाकटीकडं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून धाकटी एकटी डोंगरावर जायला लागली. सकाळी एक खेप आणि दुपारी एक.

थोरलीनं उभ्यानं होण्यासारखी सगळी कामं अंगावर घेतली. कुट्टीच्या यंत्रावर उभी राहून वैरण कापली. डेरे, किटल्या, बादल्या घासल्या. चूल तिनं विटा रचून उंच करून घेतली, तर सासू म्हणाली, "आता आम्ही पण उभ्यानं जेवायचं का?" पण खरा अपमान व्यायामाचा होता. सकाळची कामं उरकली की ती मधल्या खोलीत सतरंजी टाकायची आणि कुशीवर होऊन पाय वर घ्यायची, खाली सोडायची. उताणी होऊन कंबर उचलायची. बाहेर कोंबड्यांचा आवाज, गोठ्यात घमेल्याचा आवाज, आणि आपण अंथरुणावर पडून पाय हलवतोय. ती दार लोटून घ्यायची. लोटलेल्या दाराबाहेरून सासूचं बोलणं यायचं, कुणाला उद्देशून ते कळत नसे.

"दिवसाढवळ्या लोळायचं आणि त्याला औषध म्हणायचं."

दुपारी धाकटी भारा टाकायची तेव्हा थोरली पुढं होऊन गाठ सोडायची. धाकटीच्या खांद्यांवर दोराचे वळ उठले होते, एका जागी सालटं गेलं होतं. थोरलीनं एकदा खोबरेल तेल आणून तिच्याजवळ ठेवलं. धाकटीनं ते उचलून फडताळात ठेवलं आणि पाणी प्यायला गेली.

संघातलं कुणी आलं नाही. पहिले काही दिवस ती वाट बघायची. पाणवठ्यावर एकजण भेटली, म्हणाली, "बरं आहे का आता?" आणि थोरली काय सांगायचं ते जुळवीपर्यंत ती घागर उचलून गेलीसुद्धा. गोठ्यातून मैदान दिसत नव्हतं पण ऐकू यायचं. मापाऱ्याचं "धर... धर... आता" आणि मग सगळ्यांचा एकदम सुटलेला श्वास. थोरली यंत्राचं चाक थांबवून ऐकायची. कुठल्या क्षणी कुणाचा पाय सुटला, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं.

एक दिवस मापारी घरी आला. तिनं त्याला लांबूनच ओळखलं. ओले हात पदराला पुसले, केस सारखे केले, पाणी आणलं. तो ओसरीवर टेकला, पाणी प्यायला, तिच्याकडं बघून म्हणाला, "काय, चालणं बरं दिसतंय." मग सासूकडं वळला.

"काकी, एक मागणं घेऊन आलोय. धाकटीला पाठवा संघात. शेवटच्या जागेला कुणी नाही. भारे वाहून तिचे खांदे कसले तयार झालेत, बघितलं ना."

सासू म्हणाली, "घरची कामं सांभाळून जाईल तर जाऊ दे."

थोरली रिकामं तांब्या-भांडं घेऊन आत गेली. ते घासलेलंच होतं, तरी तिनं पुन्हा घासलं. तिनं डोंगरावर जायचं सोडलं म्हणून धाकटीच्या पाठीवर दुप्पट भार आला होता, आणि त्याच भारानं धाकटीचे खांदे तयार झाले होते. यात कुणावर रागवायचं, ते तिला सापडेना.

त्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत हरला. पाऊस पडला, गवत उगवलं, भारे जवळचे झाले. थोरली अधूनमधून टँकरमधून इस्पितळात जायची. व्यायामवाल्या बाई नवीन व्यायाम द्यायच्या, जुने काढायच्या. एका पायावर उभं राहायचं. पायरीवरून एक पाय हळू खाली टेकवायचा, कंबर वाकडी होऊ द्यायची नाही. पट्टी गोठ्याच्या खांबाला बांधून ओढायची. तिच्या मांड्या पुन्हा भरल्या. एका सकाळी ती उकिडवी बसून वासराला पाजत होती आणि तिच्या एकदम लक्षात आलं की आपण बसलोय. दुखत नव्हतं. आजूबाजूला सांगायला कुणी नव्हतं. वासरू पीत राहिलं.

पुन्हा गवत वाळायला लागलं तेव्हा व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, "आता धरा रस्सी. पण शेवटची जागा नाही. पाठीवर दोर घेऊन पीळ बसतो, तो नको. पुढं कुठंतरी, दोन्ही हातांनी, पाय सरळ ठेवून. आणि आत चिमटा बसला तर सोडून द्यायची. तेवढं शिकलात तर खेळाल."

हे तिनं घरी जेवताना सांगितलं. सासूचा हात थांबला.

"दोर ओढायला जमतं, मग भारा का नाही जमत?"

"भारा उतरणीला खाली दाबतो, आई. पाय आत वाकतो. दोर ओढताना पाय सरळ असतो."

"आम्हाला नको शिकवूस. घरकामाला दुखतं आणि खेळायला दुखत नाही, असलं दुखणं आम्ही बघितलं नाही."

धाकटा ताटाकडं बघत राहिला. धाकटी उठून हात धुवायला गेली आणि तिथूनच, पाठमोरी, म्हणाली, "ताई, एक दिवस माझ्याबरोबर डोंगरावर या. नुसत्या या. मग जा रस्सी ओढायला."

ती गेली. नको जायला हे तिला कळत होतं, पण त्या पाठमोऱ्या बोलण्यासमोर दुसरं काही सुचलं नाही. तिनं अर्धा भारा बांधला. धाकटी पूर्ण भारा घेऊन पुढं निघाली आणि एकदाही मागं वळली नाही. उतारावर थोरली आडवी आडवी उतरत आली, डावा पाय पुढं, उजवा मागून ओढत. खाली पोचली तेव्हा धाकटीचा भारा सुटून वैरण यंत्राजवळ रचलेली होती. पुढचे काही दिवस जांघेत पुन्हा तो अंगठा दाबल्यासारखा होता. तिनं पट्टी बाहेर काढली आणि अगदी सुरुवातीचे व्यायाम पुन्हा सुरू केले. मग दुखणं थोडं उतरल्यावर मैदानात गेली.

बायकांनी तिला बघितलं. "खुंटा आला," एकजण म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं धाकटीकडं बघितलं. धाकटी रस्सीचं टोक पाठीवर घेत होती. मापाऱ्यानं थोरलीला पार पुढं नेलं, सगळ्यांच्या आधी, रस्सीच्या मधल्या खुणेजवळ. "इथं धर. तोल बघ."

ती जागा तिच्या ओळखीची नव्हती. इतकी वर्षं तिच्यापुढं पाठी असायच्या, घामानं भिजलेल्या, ओळखीच्या. कुणाची पाठ थरथरायला लागली की तिला आधी कळायचं. आता मागचं काहीच दिसत नव्हतं. समोर होते ते ओढणाऱ्या परक्यांचे चेहरे.

सामन्यांच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सगळ्या गेल्या. ट्रॉलीत थोरलीला कडेची जागा मिळाली. बायका गप्पा मारत होत्या, कुणाच्या गाईचं, कुणाच्या नणंदेचं. धाकटी मध्ये बसून हसत होती. थोरलीनं तिला घरी इतकं हसताना बघितलं नव्हतं. कुणी थोरलीला तोडून बोललं नाही. वर्षभर ती त्या गप्पांत नव्हती, आणि आता मध्येच कुठून शिरायचं, ते तिला समजेना.

पहिल्या फेऱ्या त्या जिंकल्या. थोरलीचे हात जुनेच होते, पकड तशीच. शेवटच्या फेरीला समोर धरणाकडच्या गावाचा संघ आला. त्यांच्यात सगळ्यात पुढं एक पिकल्या केसांची, रुंद कपाळाची बाई होती. रस्सी ताणली तेव्हा तिचं तोंड थोरलीच्या समोर आलं, इतकं जवळ की तिच्या वरच्या ओठावरचा घाम दिसत होता.

पहिली ओढ हरली. दुसरी जिंकली. तिसरीला दोन्ही बाजू कितीतरी वेळ जागच्या हलल्या नाहीत. मापारी बाजूनं ओरडत होता, "धर... धर..." मागून बायकांचे श्वास येत होते. खूण हळूहळू या बाजूला सरकायला लागली. अजून थोडं. थोरलीनं उजवी टाच पुढं दाबली आणि आत चिमटा बसला. स्पष्ट बसला, वर्षापूर्वीचा होता तसाच. समोरच्या बाईचे डोळे तिच्या डोळ्यांत होते. थोरलीनं अजून एक श्वास धरला. मग तिची बोटं उघडली.

रस्सी तिच्या तळहातांतून सरसरत पुढं गेली. मागं काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. धाकटी घसरून पडली होती, तिच्यावर बाकीच्या.

संघातलं कुणी थोरलीकडं बघितलंच नाही. सगळ्या धाकटीभोवती जमल्या. एकजण वैतागून म्हणाली, "अगं, टाच धरायची ना. आली होती हातात." धाकटी गुडघ्याची माती झटकत म्हणाली, "सरकला पाय. काय करू?" मापारी रस्सी गुंडाळायला लागला.

थोरली मैदानाच्या कडेला गवतात जाऊन बसली, पाय लांब करून. थोड्या वेळानं ती पिकल्या केसांची बाई आली आणि शेजारी बसली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती. ती थोरलीला दिली.

"तू सोडलीस," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "मी बघितलं."

"हो."

"दुखतंय का कुठं?"

थोरलीनं पाण्याचा घोट घेतला. "खुब्यात," ती म्हणाली. मग तिनं सांगायला सुरुवात केली. टेकडीपलीकडचा उतार, तो दगड, गाईला धरून उठणं, डॉक्टरांची मूठ, दार लोटून केलेले व्यायाम, अर्धा भारा. बाई मध्ये मध्ये "हं" म्हणत होती, एकदा म्हणाली, "मग? सासू काय म्हणाली?" थोरली सांगत गेली. आपण इतकं बोलू शकतो याचं तिला नवल वाटत होतं, आणि हे सगळं ज्या बाईला सांगतोय तिचं नावही आपण विचारलं नाही, हेही मनात येत होतं. ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. बाईनं उठताना तिच्या खांद्यावर हात ठेवून भार दिला, आणि गेली.

परतीच्या ट्रॉलीत धाकटी या वेळी कडेला बसली होती. गावात उतरून बायका आपापल्या गल्लीला लागल्या. घर वस्तीबाहेर, केंद्रामागच्या मैदानापलीकडं होतं, तिथं शेतातल्या पायवाटेनं जावं लागे. जनावरं हंबरत होती, धारांची वेळ टळून गेली होती. धाकटी झपाझप पुढं निघाली. थोरली मागून, पाय पडेल तशी.

"अगं," थोरली म्हणाली.

धाकटी चालत राहिली. "उशीर झालाय, ताई. आई बोलतील."

"तुझा पाय सरकला नाही. मी रस्सी सोडली. पुढून."

धाकटी थांबली. वळली नाही. तिच्या हातात चपला होत्या, एक पट्टा तुटलेला.

"तिथं का नाही सांगितलं?" ती म्हणाली. "सगळ्या मला बोलत होत्या तेव्हा?"

"जमलं नाही."

धाकटीनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते अंधुक उजेडात दिसलं नाही. ती पुन्हा चालायला लागली, पहिल्याच वेगानं. दोघींमधलं अंतर वाढत गेलं. थोरलीला तोंडाशी आलेलं गिळायची सवय होती. इतकी वर्षं तिनं तेच केलं होतं, भाऱ्याखाली, गोठ्यात, टँकरमध्ये.

"जरा हळू चाल," ती म्हणाली. "मला दुखतंय."

पुढच्या पावलांचा आवाज सावकाश झाला. धाकटी मागं आली नाही, हातही पुढं केला नाही, नुसती हळू चालत राहिली, आणि मधल्या बांधाशी आली तेव्हा पलीकडं उतरण्याआधी उभी राहिली. थोरली पोचेपर्यंत तिथंच उभी होती.